घरी मांजर आहे का?

महोदय,
उवा-गोचिडांवर राख, लसूण असे घरगुती उपाय सुचवले जातात. गावरान कोंबड्या राखेत लोळल्या की पिसांतल्या उवा कमी होतात, हे खरेच. पण लाल माइट हे बारीक परजीवी दिवसा खुराड्याच्या फटींत दडून रात्री रक्त पितात. तिथे नुसती राख पुरत नाही, फटी खरवडून औषध मारावे लागते. गोचिडांवर कुत्र्याला लसूण चारण्याचा सल्ला तर घातकच, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. दुकानातली गोचीडनाशकाची बाटलीही डोळे झाकून नको. शेवंतीच्या कुळातल्या फुलांवरून बेतलेले परमेथ्रिन हे कीटकनाशक कुत्र्याला चालते. मांजर मात्र त्याने झटके येऊन दगावू शकते. विक्रेत्यांनी बाटली देताना शीर्षकातला प्रश्न तरी विचारावा, आणि ही सूचना वेष्टनावर मराठीत ठळक छापणे सरकारने सक्तीचे करावे.

– एक पशुपालक, जुन्नर