पंप उतरवण्याआधी हवा शोधा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रावेर-यावल पट्ट्यातून केळी भरून उत्तरेकडे जाणाऱ्या जुन्या, सहा सिलिंडरच्या ट्रकांपैकी एक माझा आहे. गेल्या उन्हाळ्यात शिरपूर ओलांडल्यावर बिजासन घाटात त्याची ओढ तुटू लागली, तेव्हा दोन ठिकाणी एकच निदान ऐकले : 'डिझेल पंप गेला,' म्हणजे इंजिनाच्या नोझलांकडे (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोट्यांकडे) दाबाने डिझेल पाठवणारा पंप खराब झाला. पंप दोनदा उतरवला, एलिमेंट (एकेका सिलिंडरला डिझेल दाबून देणारे पंपातील प्लंजर म्हणजे दट्ट्या आणि त्याची नळी) बदलले, मोठे बिल झाले आणि गाडी घाटात पुन्हा तशीच मिसिंग करू लागली, म्हणजे ठोके चुकवू लागली. अखेर दोष निघाला तो फीड पंपाकडे (टाकीतून डिझेल ओढून मुख्य पंपाला देणाऱ्या छोट्या पंपाकडे) येणाऱ्या पाइपच्या बँजो बोल्टखालील (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टखालील) चेपलेल्या तांब्याच्या वॉशरमध्ये. तेथे डिझेलचा थेंबही गळत नव्हता, कारण त्या बाजूला फीड पंप डिझेल ओढून घेत असतो. फट राहिली तर डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते.

हे ओळखण्याची रीत जुन्या मिस्त्रींना ठाऊक आहे, पण ती वापरण्याइतका धीर आता राहिलेला नाही. टाकीचा पाइप सोडून स्वच्छ डिझेलचा कॅन पंपापेक्षा उंचावर टांगावा, त्यातून फीड पंपाला नळी द्यावी, एअर काढावी आणि गाडी चालवून पाहावी. गाडी नीट ओढू लागली, तर दोष टाकी ते फीड पंप या वाटेवरच आहे. टाकीच्या झाकणाचे श्वासछिद्र आमच्याकडच्या काळ्या मातीने बुजले तरी तासाभराने इंजिन गुदमरते. झाकण उघडताच 'सुस्स' आवाज आला की समजावे. फिल्टर तुंबलेला असला, तरी चढावर हेच लक्षण दिसते.

कॅन टांगूनही फरक पडला नाही, तरच पुढे जावे. इंजिन मंद चालू ठेवून नोझलच्या पाइपांचे नट एकेक करून किंचित सैल करावेत. ज्या नटाने आवाज बदलत नाही, तो सिलिंडर दुबळा. त्याचे नोझल शेजारच्याशी बदलून पाहावे. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल खराब. तिथेच राहिला तर त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन पाहून मग पंपाकडे बोट दाखवावे. हे करताना फवाऱ्यापुढे हात धरू नये, ती धार कातडी भेदून आत जाते.

पंप खरोखर झिजतो, हे मी नाकारत नाही. सकाळी सहज सुरू होणारी गाडी मे महिन्याच्या दुपारी, तापलेली असताना सुरू होत नसेल, तर पातळ झालेले डिझेल झिजलेल्या प्लंजरच्या कडेने निसटत असण्याची शक्यता मोठी. इंजिन ऑइलची पातळी वाढून त्याला डिझेलचा वास येणे, हीही तशीच खूण. पण तापल्या पंपावर थंड पाणी ओतण्याचा ढाब्यावरचा उपाय टाळावा. प्लंजर जाम होऊ शकतो.

'नव्या डिझेलने पंप खाल्ला' हेही एक सोयीचे उत्तर झाले आहे; गंधक कमी झाल्याने डिझेलचे वंगण घटले, असे त्यामागचे म्हणणे. 1 एप्रिल 2020 पासून डिझेलमधील गंधकाची मर्यादा 10 पीपीएम (दहा लाख भागांत दहा भाग) झाली, हे खरे. परंतु डिझेलच्या त्याच मानकात वंगणक्षमतेचीही अट आहे. जुने रबरी सील कडक होऊन गळू शकतात, पण ते बदलणे म्हणजे पंप बदलणे नव्हे.

म्हणून खानदेशातील ट्रकमालक संघटनांना विनंती, की पंप दुरुस्तीला देताना टेस्ट बेंचवरील (पंप बसवून तपासण्याच्या यंत्रावरील) दुरुस्तीपूर्वीचे आणि नंतरचे, प्रत्येक एलिमेंटने किती डिझेल दिले याचे आकडे लेखी मागण्याचा, आणि काढलेले जुने सुटे भाग परत घेण्याचा नियम सर्व सभासदांनी पाळावा. माझ्या हाती ते आकडे असते, तर दुसऱ्यांदा पंप उतरवू दिला नसता.

आपला,
एक ट्रकमालक,
सावदा, ता. रावेर, जि. जळगाव