श्रीन्या, लाइन लागली!

सोलापूर
रविवार, रात्री उशिरा

प्रिय श्रीन्या,

हे व्हॉट्सअॅपवर लिहिलं असतं तर तू अंगठा टाकून मोकळा झाला असतास. म्हणून पत्र. तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू. झालं.

आता ऐक. ड्रीमकास्ट ऑनलाइन गेला बे! सेगाचा तो जुना गेम खेळायचा डबा. आपलाच, तुझ्या काकांनी मस्कतहून आणलेला. घरात सांगितलं तर बायको म्हणाली, "बरं, आता जेवून घ्या." हे काय झालंय ते जगात फक्त तुला कळणार आहे.

तू विचारशील, लाइन कुठली? लँडलाइन तर अण्णा गेल्यावर परत केला. भिंतीवर नुसती डबी राहिलीय. तर एक्सचेंजच घरात मांडलं. एका बाजूला रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर, पुढे नुसता 'पाय' म्हणतो), त्याला जुना यूएसबी मोडेम, दुसऱ्या बाजूला ड्रीमकास्ट आणि मधे हातभर टेलिफोनची वायर. बाहेरचं नेट पायला घरच्या वायफायवरून. ड्रीमकास्टला वाटतं आपण गावभर फोन लावतोय, आणि पलीकडे उचलणारा त्याच टेबलावर बसलेला.

नुसती वायर जोडून भागत नाही. खऱ्या लाइनवर एक्सचेंजमधून ४८ व्होल्ट येतात. रिसीव्हर उचलला की करंट वाहतो आणि त्यावरून लाइन जिवंत आहे हे कळतं. आपल्या वायरीत तो करंट कुठला? म्हणून एक तार कापून तिच्यात ९ व्होल्टची बॅटरी आणि रेझिस्टर ओळीने बसवला. मग डायल टोन. तो पाय देतो, मोडेमच्या व्हॉइस मोडमधून टोनची फाइल वाजवून. ड्रीमकास्ट टोन ऐकून नंबर फिरवतो. प्रत्येक आकड्याचे दोन सूर असतात, ५ दाबला की ७७० आणि १३३६ हर्ट्झ एकदम. पायवरचा प्रोग्राम ते ओळखतो, टोन बंद करतो आणि मोडेमला उचलायला सांगतो. नंबर कुठलाही चालतो. मी तुमच्या अशोक चौकातल्या घराचा लावला. तोंडपाठ आहे अजून.

लाइनला अण्णांचा जुना फोन जोडून रिसीव्हर कानाला धरला होता. आधी पीं-पीं करत आकडे गेले, मग जरा शांत, मग तो २१०० हर्ट्झचा सरळ सूर, आणि त्यामागून खरखर, घरघर, पुन्हा वरचा सूर. श्रीन्या, अंगावर काटा आला. तुमच्या माडीवर आपण हाच आवाज ऐकत बसायचो. खाली मागांची खडखड, वर मोडेमची. आणि फोन कधी मोकळा होतो म्हणून सूतवाल्याच्या फोनची वाट बघत तुझे बाबा जिन्यात उभे.

तेव्हाचं भांडण आठवतं का? सात रस्त्यावर, चहाच्या टपरीसमोर? "इथून ते होणारच नाही, सेगाचे सर्व्हर आपल्यासाठी नाहीत" असं तू म्हणालास, मी म्हणालो होणार. आठवडाभर बोलला नाहीस. आता बोल! सेगाने २००१ मध्ये मशीनच बंद केलं, पुढे त्यांचे सर्व्हरही गेले, पण हौशी लोकांनी खेळांचे सर्व्हर पुन्हा उभे केलेत. खेळ अजून जुन्याच नावाने सेगाचा सर्व्हर शोधतो. डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या नेटच्या वहीत, त्या नावापुढे नवा पत्ता द्यायचा, की बिचारा बरोबर तिकडे जातो.

आणि आता माझा जीव ज्यात अडकलाय ते. ते व्हीएमयू, ड्रीमकास्टचं मेमरी कार्ड, कुठे आहे?

२००४ मध्ये तू निघालास तेव्हा वाटणी झाली. मशीन माझ्याकडे, मेमरी कार्ड तुझ्याकडे. "आठवण म्हणून" म्हणालास आणि खिशात टाकलंस. त्यात फँटसी स्टार ऑनलाइनमधला माझा रेंजर आहे, तो लाल रोबो. सगळ्या सुट्ट्या त्याच्यावर घातल्या. ऑनलाइन नावाचा खेळ आपण कायम ऑफलाइन खेळलो, आणि आज दार उघडलं तर मी आत गेलो तो नव्या कोऱ्या, पहिल्या लेव्हलच्या पोराला घेऊन. तिथे कुणीतरी भेटलं. त्या खेळात तयार वाक्यं आहेत ना, आपण निवडायचं आणि समोरच्याला त्याच्या भाषेत दिसायचं, त्यातून त्याने नमस्कार केला, माझी लेव्हल बघून एक चांगली बंदूक जमिनीवर ठेवली आणि बाजूला झाला. मला इतकं भरून आलं! पण तिथे माझा लाल रोबो उभा असायला हवा होता.

टाकलं नाहीस ना? घर बदलताना लक्ष्मीने भंगारात दिलं नाही ना? खरं सांग, रागावणार नाही. रागावेन, पण बोलेन. त्यातली दोन बटण सेल, सीआर २०३२, कधीच मेली असतील, त्याची चिंता नाही. ते घड्याळाला आणि कार्ड सुटं हातात घेऊन खेळायला, सेव्ह फ्लॅश मेमरीत असतो. पण सेल आतच राहिले असतील तर पाझरून पत्रे गंजतात. आधी ते काढ. आणि फ्लॅशमधला चार्जसुद्धा किती वर्षं टिकणार? रात्री हेच डोक्यात येतं. सेल उतरले की मशीन चालू करताना ते कसं किंचाळायचं! अम्मा आतून ओरडायची, "एमिट्रा अदी?" काय रे ते? ते ऐकायला मिळालं तरी चालेल मला.

तुझं काय चाललंय? ग्रीन कार्डचं काही हललं का? चिन्नीच्या दातांची तार निघाली? अम्माच्या गुडघ्याचं कळलं. तिला म्हणावं, जिना टाळ.

हां, एक अडचण राहिलीय. बॅटरी उतरत आली की ऐन लढाईत लाइन तुटते. तिथे अॅडॉप्टर लावला तर विजेची गुणगुण लाइनमध्ये शिरली आणि कनेक्शनच लागेना. आता नवी पेठेतून रेग्युलेटर आणि मोठा कपॅसिटर आणलाय, उद्या टाके मारतो. त्यात उन्हाळा असा की पायला पंखा लावलाय आणि मी घामाने निथळतोय.

तूही तिकडे एक ड्रीमकास्ट घे, जुन्यात मिळतो. पायचं हे घरचं एक्सचेंज मी बनवून पाठवतो. अमेरिकन मशीनमध्ये ५६ केचा मोडेम असतो, पण त्यावर जाऊ नकोस. त्या वेगाला एक टोक एक्सचेंजकडे डिजिटल लागतं. घरात दोन्ही टोकं अॅनालॉग, म्हणजे फार तर ३३.६ के. त्या काळच्या खेळांना तेवढा भरपूर. वेळेचं गणित खेळानेच सोडवलंय. आत बीटचं घड्याळ आहे, दिवसाचे १००० बीट, जगभर एकच. रविवारी ६२५ ला ये. माझ्याकडे संध्याकाळचे साडेसात, तुमच्या न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे दहा. इडली खाऊन बस.

लक्ष्मी दिवाळीत येणार आहे ना? व्हीएमयू तिच्याकडे दे, हातातल्या पर्समध्ये, मोठ्या बॅगेत नको. परतताना तिच्याबरोबर शेंगा चटणी आणि कडक भाकरी देतो. पत्र मिळालं की आधी कपाट उघड आणि सापडलं की लगेच फोटो टाक, कितीही वाजले असले तरी.

तुझा,
मह्या