बरं आहे म्हणू नका, काय आहे ते सांगा

वास्को, सुतांपुनव
22 ऑगस्ट 2021

ती. बाबा आणि आई,
शि. सा. न.

हे फोनवर बोलायचं दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा तुमची रेंज गेली, म्हणून लिहितोय. बाबा, तुम्ही आईला मोठ्याने वाचून दाखवणार हे मला माहीत आहे, फक्त मधलं काही गाळू नका.

23 जुलैला सकाळी मी फोन केला तर तुम्ही म्हणालात पाऊस आहे थोडा, बाकी सगळं बरं. दुपारी ऑफिसात एकाने सत्तरी तालुक्यातल्या पुराचा व्हिडिओ दाखवला आणि त्यात आपला वाडा होता हो, आपलं अंगण होतं, तुळशीवृंदावनाचं फक्त वरचं टोक पाण्याबाहेर दिसत होतं. 1982 नंतर एवढं पाणी आलं नाही असं सगळे म्हणत होते आणि माझ्या बापाच्या मते पाऊस थोडा होता. संध्याकाळी कळलं की आई माळ्यावर तांदळाचे डबे चढवत होती, आणि तुम्ही गुडघाभर पाण्यात उभे राहून माझ्याशी फोनवर बोलत होतात. मला तेव्हा राग आला नाही, नुसतं पोटात कालवलं.

आणि हे पहिल्यांदाच झालं असंही नाही. जानेवारीत मेळावलीत आयआयटीच्या जागेवरून लोक रस्त्यावर बसले होते, पोलीस आले, अश्रुधूर झाला, मी फोनवर विचारलं तर तुम्ही म्हणालात आम्ही घरीच आहोत. मग प्रकल्प तिथून हलवायचं जाहीर झाल्यावर काकांकडून कळलं की तुम्ही दोघं रोज तिथे जात होतात आणि आई चुलीवर भात शिजवायला मदत करत होती. बाबा, मला त्याचा अभिमान वाटतो, मनापासून सांगतो. आपली काजूची झाडं, पोफळीची कुळागरं, झरी वाचवायला सत्तरीच्या बायकाच सगळ्यांच्या पुढे राहिल्या, आणि त्यात माझी आई होती हे मला माझ्या पोराला सांगायचं होतं. पण ते मला दुसऱ्याकडून कळलं.

मे महिन्याचं तर लिहितानाही हात जड होतो. 9 तारखेपासून कर्फ्यू, दुकानं सकाळी 7 ते 1, गोव्यात कोविडच्या दोन टेस्ट केल्या की एक पॉझिटिव्ह अशी परिस्थिती, रात्री ॲम्ब्युलन्सचा आवाज आला की आम्ही दोघं उठून बसायचो. त्याच दिवसांत आईला पाच दिवस ताप होता आणि तुम्ही मला काढा घेतेय, झोपलीय, एवढंच सांगत राहिलात. ऑक्सिमीटर शेजारच्यांचा मागून आणला होता आणि त्यावर 93 दिसलं होतं, हे तुम्ही मला जूनमध्ये सांगितलंत. जूनमध्ये! बाबा, 93 म्हणजे घरी बसून वाट बघायचा आकडा नाही, डॉक्टरला लगेच फोन करायचा आकडा आहे. देवाने वाचवलं, आई बरी झाली, पण तेवढ्यात 16 तारखेला तौक्ते वादळ आलं, लायट गेली, टॉवर बंद पडले आणि तीन दिवस तुमचा फोनच लागेना. मी स्कूटर काढून फोंड्यावरून वाळपईला निघालो, वाटेत जागोजागी झाडं आडवी, आणि घरी पोचलो तर तुम्ही कोयता घेऊन फणसाची फांदी तोडताय आणि आई ओट्यावर बसून कोकमाची सोलं निवडतेय. तेव्हा तिला नुकतंच आठ दिवसांपूर्वी काय झालं होतं ते मला माहीतच नव्हतं. मी तिच्याकडे पाणी मागितलं आणि ती उठून आत गेली, भिंतीला हात धरून. हे मला आता रात्री आठवतं.

तुम्हाला वाटतं मुलगा लांब आहे, त्याच्या जिवाला घोर कशाला. पण घोर असतोच. न कळल्याने तो वाढतो, कारण मग तुम्ही बरं म्हटलं की मला त्यातलं काहीच खरं वाटत नाही.

एक गोष्ट मात्र ह्या दीड वर्षात फार चांगली झाली आणि तीही लिहायची आहे. गेल्या थंडीत आयएसएल फुटबॉलच्या सगळ्या मॅच गोव्यातच झाल्या, प्रेक्षकांशिवाय. टिळक मैदान आमच्या गॅलरीतून दिसतं, दिवे लागलेले, आणि माणूस एक नाही, नुसता बॉलला बसलेल्या लाथेचा आवाज आणि गोलकीपरचं ओरडणं. मी इथे आणि बाबा तुम्ही तिकडे टीव्हीसमोर, कानाला फोन. रेफरीची शिट्टी मला खिडकीतून आधी ऐकू यायची आणि तुमच्या टीव्हीवर थोड्या वेळाने, आणि तुम्ही म्हणायचात आधी सांगू नको रे. सेमीफायनलला आपली एफसी गोवा मुंबईकडून पेनल्टीवर हरली तेव्हा तुम्ही कितीतरी वेळ बोललाच नाहीत. एप्रिलमध्ये फातोर्ड्याला एफसी गोवाने कतारच्या अल रय्यानला 0-0 वर रोखलं, आपला क्लब आशियातल्या मोठ्या क्लबांबरोबर खेळतोय, त्या रात्री तुम्ही किती मोकळं बोललात, तुमच्या शाळेतल्या मॅचा, अनवाणी खेळणं, सगळं. एवढं बोलणं तर आपण मी घरी राहत होतो तेव्हाही केलं नव्हतं. मॅचबद्दल जसं सांगता तसंच तब्येतीबद्दल सांगा ना.

गेल्या आठवड्यात इथला दामोदर सप्ताह झाला. आजी सांगायची तेच, पूर्वी वास्कोत साथ आली, लोकांनी जांबावलीहून दामबाबाचा नारळ आणला आणि भजन सुरू केलं, तेव्हापासून चालू आहे. साथीमुळे सुरू झालेला सप्ताह साथीमुळेच दोन वर्षं फेरीशिवाय झाला, ना खाजेवाले ना चुड्यांची दुकानं. भजन मात्र थांबलं नाही. मी मास्क लावून लांबूनच हात जोडले आणि तुमच्या दोघांच्या नावाने मागितलं.

बाकी नातू बरा आहे. ऑनलाईन शाळेने त्याचे डोळे लाल होतात, मला ते अजिबात पटत नाही, पण तुमच्या वाड्यावरची पोरं रेंजसाठी डोंगर चढून पावसात छत्री धरून बसतात हे आठवलं की गप्प बसतो. नीरज चोप्राने गोल्ड मिळवल्यापासून हा गच्चीवर माडाचा पिड्डा, म्हणजे झावळीचा दांडा, भाल्यासारखा फेकतो. गणपतीच्या चवथीला आला की तुमच्या अंगणात फेकू द्या.

चवथ 10 सप्टेंबरला आहे. 30 ऑगस्टला माझ्या लसीच्या पहिल्या डोसला 84 दिवस भरतात, दुसरा डोस घेतो, हिचाही त्याच दिवशी आहे, निघायच्या आधी टेस्ट करून येतो. तुमचे दोन्ही डोस झालेत तरी ह्या वर्षी आरतीला घरचीच माणसं असूदेत, घुमट काका वाजवतील. ताईला पुण्याहून येऊ नको असं मीच सांगितलंय, ती रडली, तिच्याशी तुम्ही बोला.

बाबा, गणपतीवरच्या माटोळीची चौकट मी येऊन बांधणार, तुम्ही शिडीवर चढायचं नाही. आणि आजपासून रोज रात्री आठ वाजता मला एवढंच सांगायचं, आईचा ऑक्सिजन किती, तुमची शुगर किती, लायट आहे की नाही, नदी कुठवर आली. आकडे सांगा, मग बरं आहे म्हणा. ऑक्सिमीटर ह्या पत्राबरोबर पाठवतोय, बॅटऱ्या आत घातलेल्या आहेत, आईच्या बोटाला नेलपेंट नसावं, मेंदी असली तर बिनमेंदीच्या बोटाला लावा.

तुमचा,
बाबू