खालून वर वाचलेली यादी

देवगड, २२ डिसेंबर

प्रिय बंड्या,

तुझं पत्र मिळालं. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या चार ओळींना पत्र म्हणायचं तर. इकडे कलमांना मोहर बरा आहे, तुडतुड्यांची फवारणी परवाच उरकली, आई ठणठणीत. आता मुद्द्याचं.

डिसेंबर आला की माझं खूळ सुरू होतं. परदेशी मासिकं ‘यंदाचे सर्वोत्तम आल्बम’ म्हणून याद्या काढतात, त्या मी जमवत बसतो. घरात रेंज नाही, म्हणून विहिरीच्या कठड्यावर. पहिले दहा आल्बम मी बघतच नाही. तीच ती नावं, क्रम तेवढा वेगळा. एकाने दुसऱ्याची वही बघून लिहावं तसं! मी खालून वर वाचतो. चार-पाच याद्या कागदावर उतरवायच्या, सगळीकडे आलेली नावं खोडायची आणि एकट्यादुकट्याने सत्तेचाळिसाव्या जागी टाकलेलं जे नाव उरेल ते ऐकायचं. इतक्या खाली कोणी लोकलाजेस्तव काही ठेवत नाही रे. त्याला ते खरंच आवडलेलं असतं.

त्याच्याही खाली, पुन्हा बाजारात आणलेल्या जुन्या आल्बमांची वेगळी यादी असते. कणकवलीच्या आपल्या कॅसेटवाल्याचा टेबलाखालचा तो खोका आठवतो? न खपलेला माल, वाट्टेल ती कॅसेट पाच रुपयाला. अगदी तसंच.

चरणजित सिंग मला त्या जुन्यांच्या यादीतच भेटले. मुंबईत हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवणारा माणूस. १९८२ साली त्यांनी सिंथेसायझर आणि ड्रम मशीन घेऊन भैरवी, तोडी, मेघमल्हार, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. कोणी विचारलं नाही. वीस वर्षांनी एका डच संग्राहकाला ती रेकॉर्ड दिल्लीत सापडली, २०१० मध्ये पुन्हा निघाली आणि लोक चक्रावले, कारण शिकागोचं ‘अ‍ॅसिड हाउस’ म्हणून जे यंत्रांवरचं नाचाचं संगीत पुढे गाजलं त्याचा नाद यात आधीच होता. माझं म्हणशील तर त्यातला ठेका तासाभराने कंटाळा आणतो. पण यंत्रातून भैरवी उमटते तेव्हा अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू.

हायलू मेर्गिया मात्र मनात घर करून बसलाय. इथिओपियाचा. अमेरिकेत गेला, १९८५ मध्ये एकट्याने अ‍ॅकॉर्डियन आणि सिंथेसायझरवर एक कॅसेट केली, मग वॉशिंग्टनला टॅक्सी चालवू लागला. गाडीत कीबोर्ड ठेवायचा आणि विमानतळावर गिऱ्हाइकाची वाट बघताना रियाज करायचा. २०१३ मध्ये ती कॅसेट पुन्हा निघाली आणि म्हातारपणी गडी परत मंचावर! परवा रात्री पडवीत लावली होती. आई तांदूळ निवडता निवडता थांबली नि म्हणाली, “पेटी कोण वाजवता रे? आपल्यातलोच वाटता.” दशावतारात राजा रंगमंचावर येण्याआधी पेटीवाला नुसताच सूर धरून बसतो ना, ते तिला ऐकू आलं असणार. मी ‘टॅक्सीवालो’ म्हटलं. तिला पटलं नाही.

एकच तक्रार. या याद्या नोव्हेंबर सरतानाच निघायला लागतात, त्यामुळे डिसेंबरातला आल्बम ना यंदाचा ना पुढच्या सालचा. उशिराच्या मोहराच्या आंब्याला भाव मिळत नाही, तशी गत.

यंदा अजून काही गवसलं नाही. सदतीस ऐकले, तेरा तर अर्ध्यावरच सोडले.

शनिवारी आमच्या देवळाची जत्रा आहे, रात्री नाटक. ये. आणि त्या खोक्यातून तू उचललेली नाट्यगीतांची कॅसेट, जिच्यावर गायकाचं नावच नव्हतं, ती अजून असेल तर घेऊन ये. माझा टेप चालतो.

तुझा,
आप्पा