भरतीचे तीन तास पुळणीचे टोक मोकळे ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी जवळ आली की कोकण किनाऱ्यावर ‘सैबेरियन पाहुणे’ दाखल झाल्याच्या बातम्या येऊ लागतात. पक्ष्यांची दखल घेतली जाते याचा आनंद आहेच. पण या बातम्यांत दोन गोष्टी हमखास चुकतात. पक्षी थंडीला घाबरून येतात, ही एक. ते नोव्हेंबरात येतात, ही दुसरी. या दोन चुका दुरुस्त केल्या की पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, आपल्या हातून त्यांचे नेमके काय नुकसान होते तेही उमगते. म्हणून हे पत्र.

पोट भरलेल्या पक्ष्याला थंडीचे फारसे भय नसते. पिसे फुलवली की अंगालगत उबदार हवेचा थर धरला जातो. अडते ते खाण्याचे. उत्तर सैबेरियातल्या टुंड्रा प्रदेशात जून-जुलैमध्ये सूर्य मावळतच नाही. बर्फ वितळून जागोजाग डबकी होतात आणि त्यांवर डास-माश्यांचे अक्षरशः ढग उठतात. छोटा टिलवा या चिमुकल्या किनारपक्ष्याची पिल्ले अंड्यातून बाहेर पडल्यावर काही तासांतच स्वतः किडे टिपू लागतात, आणि चोवीस तास उजेड म्हणजे चोवीस तास जेवण. पण हा सुकाळ जेमतेम दोन महिन्यांचा. पुढे जमीन गोठते, किडे संपतात, चिखलात चोच शिरत नाही. ते होईपर्यंत पक्षी थांबत नाहीत. दिवस लहान होऊ लागला की त्यांच्या शरीरातले संप्रेरकांचे चक्र फिरते, भूक वाढते, चरबी साठते आणि पोटभर खाणे असतानाच ते निघतात.

त्यामुळे तुतवार पक्षी आपल्या खाडीकाठी जुलैअखेरीस, भर पावसात, शेपटी हलवत फिरू लागलेला असतो. टिलवे आणि वाळू चिखले ऑगस्ट-सप्टेंबरात पोहोचतात. कुरव (सीगल) ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात. ते पांढरे, मोठे आणि होडीमागे उडणारे असल्याने सर्वांच्या नजरेत भरतात, आणि बातमी तेव्हा होते. त्यातही सगळे सैबेरियातलेच असतात असे नाही. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या तलावांवर आणि मध्य आशियात वीण घालतो. वर्षाचे आठ-नऊ महिने जो वाटेवर आणि आपल्या चिखलात काढतो, त्या टिलव्याला ‘पाहुणा’ म्हणणेही आम्हाला पटत नाही.

आणखी एक गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. टिलव्यांसारख्या कित्येक किनारपक्ष्यांत मोठे पक्षी आधी निघतात आणि त्या वर्षीची पिल्ले काही आठवड्यांनी, वाट दाखवायला आईबाप नसताना, मागून येतात. कोणत्या दिशेला आणि साधारण किती उडायचे याची जाण त्यांना जन्मतःच असते. दिवसा सूर्य, रात्री ध्रुवाभोवती फिरणारे तारे आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र यांवरून ती दिशा राखतात. क्रौंच आणि हंस मात्र वाट थोरांच्या सोबतीने शिकतात. पहिल्यांदाच हजारो किलोमीटर उडून आलेले पिल्लू पुळणीवर उतरते तेव्हा त्याचे वजन पंचवीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पाच-सहा चमचे साखरेइतके असते.

या प्रवासाचे इंधन म्हणजे चरबी. एका ग्रॅम चरबीतून साधारण नऊ किलोकॅलरी मिळतात, पिष्टमय पदार्थातून चार. शिवाय चरबी जळताना पाणीही तयार होते. लांब पल्ल्याचे पक्षी निघण्यापूर्वी इतकी चरबी साठवतात की काहींचे वजन जवळपास दुप्पट होते. पट्टेरी शेपटीचा पाणटिवळा या लांब चोचीच्या किनारपक्ष्याचे आतडे आणि जठर उड्डाणापूर्वी आक्रसते, म्हणजे ओझे कमी. मुक्कामी पोहोचल्यावर ते पुन्हा वाढते. याच जातीच्या एका पिल्लाने 2022 मध्ये अलास्कापासून टास्मानियापर्यंत 13,560 किलोमीटर अकरा दिवसांत, कुठेही न उतरता कापले. उपग्रहाला संदेश देणारे यंत्र अंगावर असल्यामुळे हे नोंदले गेले. ही जात आपल्याही किनाऱ्यावर येते. मुद्दा असा की प्रत्येक ग्रॅमचा हिशेब असतो. मार्च-एप्रिलमध्ये उत्तरेला निघताना जो पक्षी पुरेसा भरलेला नसेल, तो वाटेत तरी संपतो किंवा उशिरा पोहोचतो. उशिरा पोहोचलेल्याला त्या दोन महिन्यांच्या सुकाळात पिल्ले वाढवायला वेळच उरत नाही.

आता आपल्या पुळणीकडे. या पक्ष्यांचे घड्याळ सूर्यावर चालत नाही, भरती-ओहोटीवर चालते. पाणी ओसरले की चिखल आणि ओली वाळू उघडी पडते आणि चरणे सुरू होते, दिवस असो वा रात्र. टिलव्याची चोच दोन सेंटीमीटरच्या आत-बाहेर, म्हणून तो वरवरचे टिपतो. कोरल पक्ष्याची चोच वाकडी आणि बारा-पंधरा सेंटीमीटर लांब, म्हणून तो बिळातला खेकडा ओढून काढतो. पाणटिवळ्याच्या चोचीचे टोक संवेदनशील असते आणि बाकीची चोच मिटलेली असतानाही ते चिखलाच्या आत उघडू शकते. एकाच चिखलात इतक्या जातींचे भागते ते यामुळे. भरती चढली की हे ताट झाकले जाते. मग सगळे थवे उरलेल्या कोरड्या वाळूवर, बहुतेकदा खाडीच्या मुखाजवळच्या दांड्याच्या, म्हणजे पाण्यात शिरलेल्या वाळूच्या पट्ट्याच्या, टोकावर, एकत्र येतात. वाऱ्याकडे तोंड, एक पाय पोटाशी, चोच पाठीच्या पिसांत, एक डोळा अर्धवट उघडा. ही त्यांची झोप आणि पचनाची वेळ. पूर्ण भरतीच्या आधीचा दीड तास आणि नंतरचा दीड तास, असे हे तीन तास.

नेमक्या याच तासांत आपण तिथे जीप, चारचाकी मोटारबाईक, घोडागाडी आणि कुत्री नेतो. थवा उठतो, समुद्रावर एक वळसा घेतो, सगळी पांढरी पोटे एकदम चमकतात. बघणाऱ्याला ते दृश्य फार देखणे वाटते, आणि फोटोसाठी मुद्दाम धावून थवा उठवणारेही कमी नाहीत. थवा बसतो, पुन्हा उठवला जातो. ओहोटीत कमावलेली चरबी भरतीत उधळली जाते. भरतीमुळे उतरायला दुसरी जागाही नसते.

भरतीची वेळ काढणे कोकणात कुणाला शिकवायला नको. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला आणि अवसेला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास, दिवसा आणि रात्रीही. गावागावांत थोडा फरक पडतो, पण कामापुरते हे पुरेसे आहे. पुनव-अवसेच्या उधाणात भरती भर दुपारी येते. पाणी इतके चढते की अरुंद पुळण जवळजवळ पूर्ण बुडते आणि पक्ष्यांना केवळ दांड्याचे टोक उरते. जलक्रीडाही तेव्हाच जोरात असते. सप्तमी ते दशमी हे भांगाचे दिवस. तेव्हा भरती संध्याकाळी, सूर्यास्त बघायला गर्दी होते त्या वेळी येते. पण पाणी कमी चढत असल्याने कोरडी वाळू भरपूर राहते आणि माणसे गावाकडच्या बाजूला थांबली तर दोघांचेही भागते. म्हणजे सगळा किनारा बंद करा अशी आमची मागणी नाहीच. दांड्याचे शेवटचे दोनशे मीटर, दिवसाउजेडीच्या भरतीला तीन तास, ऑगस्ट ते एप्रिल, इतकेच मागणे आहे. चार बांबू, एक दोरी आणि भरतीची वेळ रोज खडूने लिहायला एक फळा. आक्षीपासून देवबागपर्यंत ज्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत खाडीचे मुख आहे, त्यांना हे एका दिवसात करता येईल. वेळास-आंजर्ल्याच्या लोकांनी कासवांच्या घरट्यांभोवती कुंपण घालून राखण केलीच आहे.

दुर्बीण नसली तरी आपण जास्त जवळ गेलो हे ओळखता येते. पाठीत खुपसलेल्या चोची बाहेर येतात, माना ताठ होतात, कडेचे पक्षी चालू लागतात. तिथेच थांबावे आणि मागे यावे. टिलवे तीस-चाळीस पावलांवर येऊ देतात. कोरल दीडशे पावलांवरूनच उठतो आणि त्याच्या ओरडण्याने सगळा थवा उठतो, त्यामुळे अंतर कोरलच्या हिशेबाने ठेवावे.

वनीकरणाबद्दलही एक सांगणे आहे. उघड्या वाळूवर थेट भरतीरेषेपर्यंत सुरूची झाडे लावू नयेत. बहिरी ससाणा आडून झडप घालतो म्हणून किनारपक्षी झाडांच्या भिंतीजवळ बसत नाहीत. ‘ओसाड’ दिसणारी वाळू त्यांच्यासाठी सर्वांत सुरक्षित असते.

फेरीबोटीवरून कुरवांना गाठ्या-शेव टाकण्याची हौस आवरावी. तळलेल्या, खारट पिठात त्यांना हवे असलेले मासळीचे पोषण नसते, आणि होडीमागे घोटाळण्याची सवय मात्र लागते.

मच्छीमार बांधवांना विनंती, तुटलेले जाळे आणि तंगूस (मासेमारीचा नायलॉन दोरा) खाजणात टाकू नका. पक्षी अडकलेला दिसला तर ओढू नका. आधी डोक्यावर फडके टाका, डोळे झाकले की तो शांत होतो. पंख अंगाशी मिटून धरा, तंगूस कात्रीने कापा आणि जखम असेल तर वनखात्याला कळवा.

पायात धातूचे कडे असलेला पक्षी, जिवंत वा मेलेला, आढळल्यास त्यावरील अक्षरे-आकडे जसेच्या तसे उतरवून घ्या. जमल्यास फोटो काढा. तारीख आणि गाव लिहून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. ही संस्था 1927 पासून पक्ष्यांना कडी घालते आहे. रंगीत पट्टी असेल तर रंग कोणता, उजवा पाय की डावा, आणि पट्टी पायाच्या मधल्या सांध्याच्या वर की खाली, हे तिन्ही लिहा. यांतले एक जरी राहिले तरी पक्ष्याला पट्टी कोणत्या देशात घातली ते सांगता येत नाही. जिवंत पक्ष्याच्या पायातले कडे काढू नका.

आपले,
कोकण किनाऱ्यावरील काही पक्षीनिरीक्षक