शेवटची होडी

चिपळूण,
१९ मे

प्रिय नंदू,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. आईचे गुडघे तसेच, माझी साखर आटोक्यात. दिवाळीनंतर तुला एक फोनही केला नाही, सईचे दहावीचे पेपर कसे गेले तेसुद्धा विचारलं नाही, ते माझं चुकलंच. व्हॉट्सॲपवर दोनदा लिहायला घेतलं आणि खोडलं. तिथे लिहिण्यासारखं हे नाही. प्रेसमध्ये लग्नपत्रिकांचा जाड कागद उरला होता, त्यावर लिहितोय. शाई फुटली तर सांभाळून घे.

मेघनाची बदली झाली. प्रमोशनवर, जालन्याला. एक जूनला हजर व्हायचंय. प्रेस सोडून मी निघू शकत नाही, २०२१ च्या पुरानंतर घेतलेलं कर्ज अजून फिटायचंय, आणि आईला हलवणं तर शक्यच नाही. म्हणून ठरलं असं की शार्दूल आईबरोबर जाईल आणि आठवी तिकडे करेल. ठरलं म्हणजे आम्ही दोघांनी ठरवलं. त्याला सांगितलं तेव्हा ‘बरं’ म्हणाला आणि ताटातला भात संपवला. मला वाटलं, सुटलो.

परवा शनिवारी ताईची मुलं आली होती, समीर प्रोजेक्टर घेऊन आला होता. अंगणात चादर बांधली, वाडीतली पोरं जमवली आणि ‘किल्ला’ लावला. पावसाआधी पाऊस बघू म्हणून मीच सुचवला. खरं तर मनात वेगळं होतं. आई-मुलगा बदलीच्या गावी जातात, मुलाला मित्र मिळतात, तर शार्दूलला धीर येईल. सिनेमा संपताना काय होतं ते मी सोयीनं विसरलो होतो.

आणि तुला आठवतं ना, हा सिनेमा मला पहिल्यांदा कुणी दाखवला ते? जून २०१५. मी कागद घ्यायला पुण्याला आलो होतो आणि तू स्टँडवरूनच मला थिएटरात नेलंस. नाव सांगितलं नाहीस. नुसतं म्हणालास, आपल्याकडचा आहे, गुहागरच्या बाजूला शूट केलाय. बाहेर आल्यावर आपण चहा घेतला आणि तू फक्त म्हणालास, ‘पाऊस काय टिपलाय रे, दिग्दर्शकाने कॅमेरा स्वतःच धरलाय म्हणून.’ मीही म्हणालो, हो, अविनाश अरुणचा पहिलाच सिनेमा आहे म्हणे, बर्लिनला पोरांच्या ज्युरीने त्याला क्रिस्टल बेअर दिलं. पेपरात वाचलेलं सगळं बोलून झालं आपलं. एकमेकांशी जे बोलायचं होतं ते दहा वर्षं तसंच राहिलंय.

असो. शनिवारी काय झालं ते सांगतो.

अंगणात चौदा माणसं होती आणि प्रत्येकाने आपला आपला सिनेमा पाहिला. बायोआत्या पहिल्यापासून शेवटपर्यंत फक्त सिनेमातल्या आईकडे बघत होती. अमृता सुभाष ऑफिसातून घरी येऊन नुसती बसते ना, तेव्हा आत्या मोठ्याने म्हणाली, ‘हिला कुणी पाणी तरी द्या गो.’ नवरा गेल्यावर मुलाला घेऊन परक्या गावात नोकरी करायची, साहेबाची मर्जी, फाइलींची भानगड, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. संपल्यावर डोळे पुसत म्हणाली, पोराचं काय, पोरं वाढतात, बाईचं बघा. समीरचं मत, पिक्चर संथ आहे, एवढ्या वेळात नुसती सायकल आणि समुद्र. शेजारचे भाऊ म्हणाले, यात काय पाहायचं, असा पाऊस आपल्याकडे चार महिने फुकट पडतो. लहान पोरं बंड्यावर फिदा. बंड्या झालेला पार्थ भालेराव वर्गात तोंड उघडायच्या आधीच ती हसत होती. मग शर्यत आली. सायकली दामटत किल्ल्यावर जातात, आभाळ भरून येतं, आणि चिन्मय, म्हणजे पुण्याहून आलेला तो मुलगा, तटबंदीच्या आत एकटाच राहतो. हाका मारत फिरतो आणि कुणीच नसतं. तिथे अंगण एकदम गप्प झालं. ताईची धाकटी माझ्या मांडीवर चढली आणि विचारायला लागली, ‘मामा, ते त्याला न्यायला येणार ना?’

मी तिला काय सांगणार होतो, नंदू.

नंतर भांडण जुंपलं. मुली म्हणाल्या, बंड्या वाईट आहे, एवढा पाऊस आणि टाकून गेले. मुलगे म्हणाले, तेही लहान आहेत, घाबरले असतील, एवढ्या पावसात कोण थांबेल? कुणी म्हणालं, चिन्मयने नंतर एवढा अबोला धरायला नको होता. कुणी म्हणालं, पुण्याची स्कॉलरशिपवाली पोरं अशीच असतात, मनात धरून ठेवतात. (हे वाक्य तुझ्यासाठी मुद्दाम जसंच्या तसं लिहिलंय. तू साताऱ्याचा, पण दाभोळच्या शाळेत तुला सगळे पुण्याचाच समजायचे, कारण तू ‘आहे’ला ‘हाय’ म्हणत नव्हतास.)

शार्दूल यात काहीच बोलला नाही. सगळे गेल्यावर आम्ही दोघं चादर सोडवत होतो. दोरीची गाठ पाण्याने आवळली होती, त्याने ती दाताने सोडवली. आणि गाठ सोडवता सोडवता म्हणाला, ‘बाबा, चिन्मयने तिथे मित्र करायलाच नको होते. वर्षभरात परत जायचंच होतं ना. मी जालन्याला कुणाशी मैत्री करणार नाही.’

रागात नव्हता रे. गणित सुटल्यावर उत्तर सांगतात तसं सांगितलंन.

मी म्हटलं, असं नसतं बाळा. तो म्हणाला, मग कसं असतं? आणि मी चादर घडी घालत बसलो.

काल दुपारी मी त्याच्या टेबलावर कात्री शोधत होतो. वहीचं पान उघडं होतं. डावीकडे लिहिलं होतं ‘साहिलचं माझ्याकडे’: सायकलचा पंप, दोन चाचा चौधरी, टेनिस बॉल (हरवला, नवीन घ्यायचा), चाळीस रुपये. उजवीकडे ‘माझं साहिलकडे’: एकच ओळ, स्टंप, आणि त्यापुढे लिहून खोडलेलं, ‘राहू दे’. संध्याकाळी पिगी बँक फोडून चाळीस रुपये आणि नवा बॉल घेऊन तो साहिलच्या घरी गेला, दारातच देऊन परत आला. आज सकाळी साहिल फाटकाशी उभा राहून हाका मारत होता, नेहमीसारखा, शार्दूऽऽल म्हणून. हा आतून आजीला म्हणाला, सांग झोपलाय. जागाच होता. पंख्याकडे बघत पडला होता.

बारा वर्षांच्या पोराने मैत्रीचा हिशेब चुकता करून खातं बंद करावं, हे मला बघवत नाही. मेघना म्हणते, होईल ठीक, नव्या शाळेत रमेल. आई म्हणते, शहाणा आहे पोर, त्रास करून घेत नाही. मला यातलं काहीच पटत नाही आणि त्याला काय सांगावं ते सुचत नाही, कारण बदलीचा मुलगा मी कधी नव्हतोच. मी नेहमी गावातच राहिलेला मुलगा. बदलीचा मुलगा तू. बाबांच्या बंदरखात्याच्या नोकरीपायी साताऱ्याहून आलास तेव्हा सहावीत होतास, सातवी संपताच परत साताऱ्याला निघालास. दोन वर्षंही पुरती नाहीत. मग तू का केलीस आमच्याशी मैत्री? हे मी तुला आयुष्यात विचारलेलं नाही. आता विचारतोय.

आणि विचारायच्या आधी मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर मला विचारायचा हक्क नाही.

त्या शिमग्याला आपण धोपाव्याला पालखी बघायला गेलो होतो. परत यायला निघालो तेव्हा अंधार पडत आला होता. धक्क्यावर आल्यावर तुझ्या लक्षात आलं, एक चप्पल देवळापाशीच राहिली. ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून तू पळालास. शेवटची होडी होती. मी चढून बसलो. गेली तीस-बत्तीस वर्षं मी सगळ्यांना हेच सांगत आलोय की होडीवाला थांबला नाही. तुझ्या बाबांना हेच सांगितलं, शाळेत हेच सांगितलं, तुझ्या लग्नात जेवणाच्या पंगतीत हसत हसत हेच सांगितलं, आणि तूही हसलास. पण नंदू, होडीवाल्याने विचारलं होतं. दोर सोडण्याआधी मागे वळून विचारलं होतं, ‘कुणी राहिलाय काय रे?’ आणि मी गप्प बसलो. उशीर झाला तर अण्णा फोडून काढतील एवढंच डोक्यात होतं. तू धक्क्यावर आलेला मला दिसलास. एका हातात चप्पल होती. मी पलीकडे तोंड केलं.

तुला त्या रात्री कुणा कोळणीने घरी ठेवून घेतलं, भात-कालवण घातलं, हे दुसऱ्या दिवशी कळलं. (आणि तिथे तू पहिल्यांदा मासे खाल्लेस. आज पुण्यात बसून पापलेट ताजा नाही म्हणून कोळणीशी भांडतोस, त्यात माझा थोडा वाटा आहे असं मी मनाला समजावत असतो.) नंतर तू माझ्याशी बोलला नाहीस ते जूनपर्यंत. मला वाटायचं, हा किती मनात धरून ठेवतो. आपण बावीस सालच्या गणपतीत भांडलो ना, जागेच्या व्यवहारावरून, तेव्हाही मी तुला हेच ऐकवलं, की तू लहानपणापासून असाच, अबोला धरणारा. ते ऐकून तू जेवण अर्धं टाकून उठलास. तेव्हा समजलं नाही. शनिवारी चादरीवर तो मुलगा पावसात हाका मारत फिरत होता आणि मला तुझ्या हातातली चप्पल दिसत होती. एवढी वर्षं सिनेमा बघताना मी स्वतःला चिन्मयच समजत होतो, बघ. सगळेच समजतात. आमच्या अंगणातल्या चौदाजणांत एकालाही आपण बंड्या आहोत असं वाटलं नाही.

आता तिथे फेरीबोट आहे, २००३ पासून, मोटारी घेऊन जाते. मी तरीही धोपाव्याला जायचं टाळतो. आमच्या घरामागून जाते ती वाशिष्ठीच पुढे दाभोळला खाडी होऊन समुद्राला मिळते, पण गेल्या कितीक वर्षांत मी नदीबरोबर खाली गेलेलो नाही.

तू गेल्या वर्षी सांगितलंस की त्याच अविनाश अरुणचा ‘थ्री ऑफ अस’ बघ, शेफाली शाह विसरत चाललेली असते आणि सगळं पुसलं जायच्या आत वेंगुर्ल्याला लहानपणच्या मित्राला भेटायला येते. मी अजून पाहिलेला नाही. तू तो मला का सुचवलास हे मला कळलं होतं, म्हणूनच पाहिला नाही.

तर माझं मागणं एवढंच. माझ्यावर रागावायचं असेल तर रागव, आता खरं कारण तुझ्याकडे आहे. पण ते नंतर. रविवारी फोन कर, माझ्या मोबाइलवर नको, घरच्या नंबरवर कर, शार्दूल उचलेल. त्याला उपदेश नको, तो माझ्याकडे आहे भरपूर. त्याला दाभोळ सोडलंस तो दिवस सांग. एसटी सुटताना तू खिडकीत बसला होतास, आम्ही सगळे खाली उभे होतो आणि तू माझ्याकडे सोडून सगळ्यांकडे बघितलंस. आणि मग साताऱ्याहून पंधरा दिवसांत माझ्या नावाने कार्ड का पाठवलंस, ते सांग. जेमतेम चार ओळी होत्या. भांडणाचा उल्लेख नाही, नुसतं लिहिलं होतंस की इथे समुद्र नाही, आणि नव्या वर्गात दिगंबर नावाचा मुलगा आहे पण तो तुझ्यासारखा नाही. मी ते अण्णांच्या पंचांगात ठेवलं होतं. पुरात प्रेसमधलं सगळं गेलं, ते कार्ड माळ्यावर होतं म्हणून वाचलं. रविवारी तू बोललास की मी ते त्याला दाखवेन. तुझ्याआधी दाखवायचा मला अधिकार नाही.

सईला आशीर्वाद, निकालाचं कळव. अश्विनीवहिनींच्या नव्या क्लासबद्दल मेघनाकडून ऐकलं, बरं वाटलं. तुझं पाठीचं दुखणं कसं आहे? चालत जा रोज.

तुझा,
दिगा

ता. क. आंब्याची पेटी उद्या सकाळच्या गाडीने पाठवतोय. वरचा थर लगेच खा, खालचा चार दिवस गवतातच राहू दे. शार्दूलने पेटी भरायला मदत केली. कुणासाठी म्हणून विचारत होता. मी म्हटलं, दाभोळला दोन वर्षं होता, तो.