शेवटचं कडवं वर्तमानकाळात आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नोकरीसाठी इंग्रजी शिकणाऱ्या प्रौढांना कविता कशाला, ईमेल आणि मुलाखतीची वाक्यं शिकवा, असं मला वारंवार सांगितलं जातं. मी संध्याकाळचे वर्ग घेते आणि तरीही प्रत्येक तुकडीला इंग्रज कवी वर्ड्सवर्थची ‘डॅफोडिल्स’ ही पिवळ्या फुलांवरची कविता शिकवते.

१५ एप्रिल १८०२ रोजी वर्ड्सवर्थ आणि त्याची बहीण डोरोथी यांना इंग्लंडमधल्या अल्सवॉटर सरोवराच्या काठी ही फुलं दिसली. कविता लिहिली गेली १८०४ मध्ये. डोरोथीने त्या दिवसाचं सुरेख वर्णन रोजनिशीत करून ठेवलं आहे. कवितेत मात्र कवी एकटाच भटकतो. मला ते अजूनही खटकतं.

पहिली तीन कडवी भूतकाळात आहेत. चौथ्यात साधा वर्तमानकाळ येतो. ‘मी रोज सहाला उठतो’ अशा वाक्यांनी आम्ही जो काळ घोटून घेतो, तोच. वर्गातल्या एक बाई म्हणाल्या, “फुलं तेव्हा दिसली, पण आनंद अजून होतोच आहे.” त्यानंतर त्या काळाबद्दल मला वेगळं काही समजवावं लागलं नाही.

रात्रपाळीला पहारा देणाऱ्या एका गृहस्थांनी वहीत लिहिलं होतं, ‘माय फादर्स व्हिसल रिमेंबर्स मी’. त्यांना म्हणायचं होतं, वडिलांची शीळ मला आठवते. इंग्रजीत मात्र याचा अर्थ उलटा होतो: शीळच माझी आठवण काढते. पण मराठीत आठवण आपणहून येते, तेच त्यांनी लिहिलं होतं. मी त्यांना शेवटचं कडवं पुन्हा वाचायला लावलं. तिथे कवी ‘मला आठवतं’ म्हणतच नाही. फुलंच अवचित त्याच्या आतल्या डोळ्यापुढे लखकन येतात. (त्या दोन ओळी पत्नी मेरीने सुचवल्या, असं त्याने स्वतः सांगितलं आहे.) गृहस्थांनी वाक्य बदललं: ‘माय फादर्स व्हिसल कम्स बॅक टू मी’. मग ते उभं राहून दोनदा मोठ्याने वाचलं. एरवी हजेरीलाही ते पुटपुटतात.

अभ्यासक्रम आखणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. कविता काढू नका, आणि ठेवलीत तर यमक आणि अलंकार विचारून थांबू नका. कवितेखाली अर्धं पान कोरं सोडा. शिकणाऱ्याला तिथे स्वतःची एक आठवण लिहू द्या, चुकत का होईना.

आपली,
एक इंग्रजी शिक्षिका